आयफोनवर फॉर्मचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही, बाकी सगळीकडे चालतंय

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.४०

मंडळी मदत हवी आहे, दोन दिवस डोकं आपटतोय. गावाकडच्या एका पतसंस्थेसाठी ठेवीचा ऑनलाइन अर्ज करून दिलाय. नाव, जन्मतारीख, मोबाईल, पॅन, जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी, ठेवीची रक्कम, वारसदार, एवढंच. कुठलं फ्रेमवर्क वगैरे नाही, साधं जावास्क्रिप्ट आणि मागे पीएचपी. माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये मस्त, माझ्या अँड्रॉइडवर मस्त, बायकोच्या फोनवर मस्त. आणि शुक्रवारी अध्यक्षांनी सगळ्या संचालकांसमोर त्यांच्या आयफोनवर उघडला आणि 'अर्ज सादर करा' दाबलं तर काहीच नाही. ना एरर ना काही, ढिम्म. मी म्हटलं सफारीचा प्रॉब्लेम असेल, साहेब क्रोम टाका, तर त्यांनी तिथल्या तिथे क्रोम डाउनलोड केलं आणि त्यातही ढिम्म!! म्हणजे माझी दुप्पट शोभा.

शिवाय अजून दोन तक्रारी आल्यात. हिशेबनिसांच्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स आहे, तिथे बटण कधीकधी फिकट होऊन बसतं, पान रिफ्रेश केलं तरी फिकटच. आणि तीन-चार सभासद म्हणतात मोबाईल नंबर बरोबर टाकला तरी 'चुकीचा नंबर' येतं. हे तिन्ही एकच आहे का वेगवेगळं तेही कळेना. माझ्याकडे मॅक नाही, आयफोन नाही.

हिंजवडीग्रस्त | सोमवार, रात्री ११.५२

कॅशे क्लिअर केलं का?

हिंजवडीग्रस्त | सोमवार, रात्री ११.५५

बरं गंमत जाऊ दे. वारसदार अल्पवयीन असेल तर पालकाचं नाव, असलं काही फील्ड लपवून ठेवलंयस का? लपवलेल्या फील्डला रिक्वायर्ड (म्हणजे भरलंच पाहिजे) राहून गेलं की ब्राउझर फॉर्म पाठवत नाही आणि मेसेज दाखवायलाही त्याला जागा नसते, कारण फील्डच दिसत नाही. क्रोमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एरर दाखवणाऱ्या खिडकीत, 'नॉट फोकसेबल' अशी एक ओळ येते तेवढीच. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, फील्ड लपवताना त्याला डिसेबल पण करायचं हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.१०

पालकाचं फील्ड आहे खरं! तपासलं, पण त्याला रिक्वायर्ड नाहीये. आणि तसं असतं तर अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये पण अडकलं असतं ना.

टेस्टरताई | मंगळवार, सकाळी ९.०५

अगदी बरोबर, अँड्रॉइडवर चालतंय म्हणजे ते नाही.

आधी एक गोष्ट, आयफोनवरचं क्रोम हे आपलं क्रोम नाही. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाका, आत इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट. पाट्या वेगवेगळ्या, आचारी एकच. युरोपियन युनियनमध्ये २०२४ ला आयओएस १७.४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे 'क्रोममध्येही चालत नाही' हा तुझा दुसरा पुरावा नाहीच, पहिलाच दोनदा मोजलायस.

आता मला ब्राउझरचं नाव नको, या दोन गोष्टी सांग. फोन कुठला आणि आयओएस कितवं. आणि नुसतं बटणच मेलंय का सगळंच मेलंय? जिल्हा निवडल्यावर तालुके भरतात का, रकमेत स्वल्पविराम पडतात का? तालुकेही येत नसतील तर बटणाच्या मागे लागूच नकोस, तुझी स्क्रिप्टची फाइलच चालू झालेली नाही.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ८.३०

ताई, अध्यक्षांच्या घरी जाऊन आलो. चहा, पोहे, मग त्यांच्या नातवाचा पत्रिका बघण्याचा विषय, मग एकदाचा फोन हातात मिळाला. आयफोन ७, आयओएस १५.८. आणि तुम्ही म्हणालात तसंच, तालुक्याची यादी रिकामी, रकमेत स्वल्पविराम नाही. सगळंच मेलंय. मी एवढे दिवस फक्त बटणाचा कोड बघत होतो :(

पण कन्सोल बघायचं कसं? त्याला मॅक लागतो म्हणे.

बंडोपंत | मंगळवार, रात्री ९.१५

मॅक असला की केबल लावून सफारीतून फोनचं कन्सोल दिसतं हे खरं, पण नसला तरी अडत नाही. पानाच्या अगदी वर, तुझ्या मुख्य फाइलच्या आधी, वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये चार ओळी टाक: विंडोच्या ऑनएररला एक फंक्शन दे आणि त्यात आलेला मेसेज, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक सरळ पानावर लाल अक्षरात छापायचा. वेगळ्या टॅगमध्येच टाक हं, मुख्य फाइलमध्ये टाकशील तर फाइलच वाचली जात नसेल तेव्हा हेही तिच्याबरोबर जाईल. आमच्याकडे म्हणतात तसं, चोर पकडायला ठेवलेला माणूस चोराच्याच घरात नको.

(मोबाईलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीच आहे, त्यामुळे कोड शब्दांत सांगतोय, समजून घ्या.)

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी १.२०

टाकलं आणि अध्यक्षांना लिंक पाठवली, त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. नुसतं 'स्क्रिप्ट एरर' आणि ओळ शून्य. याचं काय करू?

बंडोपंत | बुधवार, दुपारी १.३५

जावास्क्रिप्टची फाइल दुसऱ्या डोमेनवर ठेवलीयस ना? परक्या डोमेनवरच्या फाइलचा तपशील ब्राउझर मुद्दाम लपवतो. तात्पुरती ती फाइल पानाच्याच डोमेनवर आण आणि परत बघ.

कृष्णाकाठ | बुधवार, दुपारी ३.०२

आलंच!! 'सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम', ओळ २१२. आणि २१२ वर काय आहे तर रकमेत लाखाचे स्वल्पविराम टाकायचा रेगेक्स (अक्षरांचा नमुना शोधायची सांकेतिक ओळ), जो मी नेटवरून उचलला होता. पण हा रेगेक्स चुकीचा कसा, माझ्याकडे तर बरोबर एक लाखाला १,००,००० दाखवतो?

टेस्टरताई | बुधवार, दुपारी ३.४०

त्यात कंस, प्रश्नचिन्ह, मग डावीकडचा कोन आणि बरोबरचं चिन्ह, असं (?<= आहे का? आहेच. त्याला लुकबिहाइंड म्हणतात, 'याच्या मागे अमुक असेल तरच' अशी अट. रेगेक्स चुकीचा नाही, अध्यक्षांच्या फोनला ती भाषा येत नाही. क्रोमला हे २०१७ पासून कळतं (आवृत्ती ६२), फायरफॉक्सला २०२० पासून (७८), आणि सफारीला कधी कळलं तर मार्च २०२३ ला, १६.४ मध्ये. आणि आयफोन ७ ची गाडी आयओएस १५ ला कायमची थांबलीय, ६एस आणि पहिला एसई पण त्यातच. सफारी आयओएसबरोबरच येते, वेगळी अपडेट करता येत नाही. म्हणजे 'साहेब अपडेट करून बघा' हे सांगून उपयोग नाही, त्या बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत अपडेट केलंय.

आता बटण का मेलं. रेगेक्स कोडमध्ये थेट दोन तिरक्या रेघांमध्ये लिहिला की इंजिन तो फाइल वाचतानाच तपासतं. तिथे अडलं की अख्खी फाइल नाकारली जाते, २१२ व्या ओळीवरच्या चुकीमुळे पहिली ओळसुद्धा चालत नाही. ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक झेलणाऱ्या कोडमध्ये, गुंडाळून फायदा नाही कारण ट्राय चालू व्हायचीच वेळ येत नाही. बेबल (नवा कोड जुन्या ब्राउझरसाठी बदलून देणारं साधन) वापरलं असतंस तरी त्याने हे जुन्या रूपात उतरवून दिलं नसतं. ती ओळच काढायची.

हिंजवडीग्रस्त | बुधवार, दुपारी ४.०५

एका स्वल्पविरामासाठी अख्खी पतसंस्था बंद.

रात्रपाळी | बुधवार, सायंकाळी ६.१०

मला हे पटत नाही. मी आत्ता प्लेराइटमध्ये (ब्राउझर आपोआप चालवून तपासायचं साधन) वेबकिट लावून विंडोजवर तसाच एक फॉर्म चालवला, लुकबिहाइंडसकट, सगळं पास. सफारीत चालतं की.

टेस्टरताई | बुधवार, सायंकाळी ६.३०

चालणारच, प्लेराइटबरोबर जे वेबकिट येतं ते ताजं असतं. नव्या इंजिनावर जुन्या फोनचा आजार कसा दिसेल? प्लेराइटचं वेबकिट वाईट नाही, मीही रोज वापरते, मांडणी बिघडणं, फोकसचे घोळ यासाठी छान. पण 'सफारीत पास' याला आवृत्ती लिहिल्याशिवाय अर्थ नाही. जुनी आवृत्ती बघायची तर एक तर जुना फोन मिळव किंवा ब्राउझरस्टॅकसारखं काहीतरी, जिथे खरे जुने फोन भाड्याने मिळतात. (ते मुंबईतच २०११ ला सुरू झालंय, आपल्यातले बरेच जण परदेशी समजतात.) नाहीतर निदान कोड लिहायच्या आधी कॅन आय यूजवर एक नजर, कुठल्या ब्राउझरला काय कळतं ते त्या साइटवर दिसतं.

रात्रपाळी | बुधवार, सायंकाळी ६.४१

ओके, आवृत्तीचा मुद्दा मान्य.

बंडोपंत | बुधवार, रात्री ९.२०

कृष्णाकाठ, स्वल्पविरामासाठी रेगेक्स हवाच कशाला? ब्राउझरमध्ये आकडे मांडून देणारं इंटलचं नंबरफॉरमॅट आहे, त्याला 'ईएन-आयएन' लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाचा कोड, दिलंस की लाख-कोटीच्या हिशेबानेच स्वल्पविराम पडतात, जुन्या आयफोनवर पण.

पण एक खड्डा आहे, मी पडलोय म्हणून सांगतो. मराठी साइट म्हणून उत्साहात 'एमआर-आयएन' देऊ नकोस. ते आकडेच देवनागरी करून देतं. दिसायला झकास दिसतं आणि मग तेच फील्ड सबमिट होतं, आणि तिकडे नंबरमध्ये बदलायला गेलं की एनएएन, म्हणजे हा आकडाच नाही म्हणतं. मी एका यादीत बेरीज करत होतो, सगळीकडे एनएएन एनएएन, मला वाटलं डेटाबेस उडाला. मराठी लोकेल पाहिजेच असेल तर त्याच्यापुढे 'यू-एनयू-लॅटन' असं शेपूट लावता येतं, मग आकडे इंग्रजी राहतात.

आणि प्रत्येक आकडा टाइप करताना स्वल्पविराम टाकत बसू नकोस. मधला एखादा आकडा खोडायला गेलं की कर्सर उडून शेवटाला जातो, म्हातारी माणसं वैतागतात. फील्डमधून बाहेर पडल्यावर एकदाच टाक, आणि पाठवताना स्वल्पविराम काढून पाठव.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ११.१५

पंत, तुम्ही आकड्यांचं बोललात आणि माझी ट्यूब पेटली. 'चुकीचा नंबर' वाले सभासद! त्यातल्या एकांना फोन करून स्क्रीनशॉट मागवला, त्यांनी मोबाईल नंबर ९८ पासून पुढे सगळा देवनागरीत टाकलाय. कीबोर्ड मराठी, नाव मराठीत लिहिलं, तसाच पुढे नंबर. आणि माझी तपासणी बॅकस्लॅश डी, दहा वेळा. मला वाटायचं डी म्हणजे अंक, अंक म्हणजे अंक.

टेस्टरताई | गुरुवार, सकाळी ९.३०

जावास्क्रिप्टच्या डी ला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ कळतात. गंमत म्हणजे पायथन ३ मध्ये उलटं आहे, तिथे साध्या स्ट्रिंगवर डी ला देवनागरी अंकही चालतात आणि इंटमध्ये टाकलं तर सरळ संख्या होते. त्यामुळे पुढे एक नियम आणि मागे दुसरा असा तमाशा होतो.

त्या सभासदांना 'इंग्रजीत टाका' असा मेसेज दाखवू नको प्लीज. मराठी अर्जात मराठी आकडा टाकला ही त्यांची चूक कशी? तपासायच्या आधी बदलून घे. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये ०९६६ आणि तिथून ओळीने नऊपर्यंत, तेवढं वजा केलं की झालं, दोन ओळींचं काम. आणि हेच सर्व्हरवर पण कर, कारण स्क्रिप्ट बंद पडली की काय होतं ते आपण या आठवड्यात बघितलंच.

मोबाईलच्या फील्डचा टाइप काय दिलायस?

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ९.४८

नंबर. बरोबर ना?

टेस्टरताई | गुरुवार, सकाळी १०.०२

नाही रे बाबा. मोबाईल नंबर ही संख्या नाही, त्याची कोणी बेरीज करत नाही. टाइप नंबर दिलं की सुरुवातीचं शून्य टिकवायची कोणी हमी घेत नाही, ई अक्षर चालतं कारण घातांकाच्या लिखाणात ते येतं, आणि डेस्कटॉपवर कर्सर फील्डमध्ये असताना माउसचं चाक फिरलं तर आकडा गुपचूप एकाने बदलू शकतो. फायरफॉक्स तर अक्षरंही टाइप करू देतं आणि मग व्हॅल्यू विचारली की रिकामी देतं, म्हणजे माणसाला समोर लिहिलेलं दिसतंय आणि तुझा कोड म्हणतो काही भरलंच नाही. टाइप टेल दे, मोबाईलवर अंकांचाच कीपॅड येतो. रकमेला टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक, तसंही तुला तिथे स्वल्पविराम हवेत.

एडिसनकर | गुरुवार, सकाळी १०.३०

न्यू जर्सीहून नमस्कार, इथे मध्यरात्र झालीय. विषय निघालाच आहे तर तारखांवरही लक्ष असू द्या. आमच्या इथल्या मंडळाच्या नोंदणी फॉर्मवर २०२५ ची गणेश चतुर्थी २६ ऑगस्टला दिसत होती! फोनवर फोन, काका तिथी बदलली का म्हणून. झालं असं की तारीख २०२५-०८-२७ अशी नुसती दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतं, आणि तेव्हा आमच्याकडे २६ च्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. भारतात बसून टेस्ट करणाऱ्या मुलाला हे दिसणं शक्यच नव्हतं. हा ब्राउझरचा दोष नव्हे, पण तक्रार मात्र 'माझ्या ब्राउझरमध्ये चुकीचं दिसतं' अशीच येते.

ब्राउझरचा खरा फरक नंतर निघाला. तेच आम्ही तारीख, मग रिकामी जागा, मग वेळ असं लिहिलं, तर क्रोमने चालवून घेतलं आणि जुन्या सफारीत 'इनव्हॅलिड डेट'. रिकाम्या जागेच्या जागी टी हे अक्षर हवं. मी आता जन्मतारीख, कार्यक्रमाची तारीख वगैरे डेट ऑब्जेक्टमध्ये घालतच नाही, वर्ष-महिना-दिवस असे तीन तुकडे करून तसेच ठेवतो.

हिंजवडीग्रस्त | गुरुवार, सकाळी ११.०६

काका, तिथी बदलली का 😂

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी २.१५

काका धन्यवाद, जन्मतारखेत तीच रिकामी जागा निघाली, लुकबिहाइंड काढल्यावर पुढचा धोंडा तोच लागला असता.

आता राहिलं हिशेबनिसांचं फिकट बटण. दोनदा अर्ज जाऊ नये म्हणून सबमिट झाल्यावर बटण मी डिसेबल करतो. नेट गेलं आणि काही अडलं की ते पान रिफ्रेश करतात, तरी बटण फिकटच. कोडमध्ये तर सुरुवातीला डिसेबल कुठेच नाही. क्रोममध्ये रिफ्रेश केलं की नीट होतं.

बंडोपंत | गुरुवार, दुपारी २.५०

फायरफॉक्सची स्मरणशक्ती! साधं रिफ्रेश केलं की तो फॉर्ममध्ये भरलेलं जपून ठेवतो हे आपल्याला माहीत असतं, पण बटण डिसेबल होतं हेही तो जपतो. कंट्रोल शिफ्ट आर ने जातं, पण हिशेबनिसांना ते सांगू नकोस, त्या बटणालाच ऑटोकंप्लीट ऑफ दे. बटणाला ऑटोकंप्लीट हे वाचायला विचित्र वाटतं, पण फायरफॉक्समध्ये त्याचा हाच उपयोग.

आणि असाच भाऊबंद सफारीत बसलाय. अर्ज पाठवला, पुढचं पान आलं, माणूस मागे आला, तर सफारी जुनं पान होतं तसं गोठवून ठेवलेलं परत काढते, डिसेबल बटणासकट, आणि पान लोड झाल्यावर चालणारा तुझा कोड पुन्हा चालत नाही. क्रोम आणि फायरफॉक्सही हे करतात. पेजशो नावाचा इव्हेंट ऐक, त्यात पर्सिस्टेड खरं असेल तर बटण पुन्हा चालू कर.

मी तर म्हणतो बटण डिसेबल करण्यावर विसंबूच नकोस. फॉर्म उघडताना सर्व्हरने एक टोकन, म्हणजे एकदाच चालणारा क्रमांक, द्यावं आणि एकदा वापरलेलं टोकन परत आलं तर दुसरी ठेव धरू नये. पैशाचं काम आहे.

हिंजवडीग्रस्त | गुरुवार, दुपारी ३.१०

किंवा अध्यक्षांना नवीन आयफोन घेऊन द्या, ठेवीदारांच्या पैशातून.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १२.३०

झालं मंडळी! रेगेक्स काढला, इंटल लावलं ईएन-आयएन घालून, अंक दोन्हीकडे बदलून घेतो, मोबाईलला टेल, तारखेचे तीन तुकडे, बटणाला ऑटोकंप्लीट ऑफ आणि पेजशो. टोकनचं पुढच्या आठवड्यात करतो. पंतांचा लाल अक्षरांचा सापळा मात्र काढला नाही, फक्त आता पानावर छापायच्या ऐवजी सर्व्हरवर लिहून ठेवतो, ब्राउझर आणि आवृत्तीसकट. सकाळपासून दोन नोंदी आल्यात, दोन्ही माझ्याच चुका, पण निदान कोणाच्या घरी पोहे खायला जावं लागलं नाही.

आज अध्यक्षांसमोर परत डेमो झाला. आधी एक झालं, ते फील्डवर बोट ठेवतील तसं पान एकदम मोठं व्हायचं आणि अर्धा फॉर्म बाहेर जायचा. मला वाटलं गेली इज्जत परत. शोधलं तर आयफोनवर फील्डमधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी आपणहून झूम करते, माझी १४ होती. तिथेच बसून १६ केली. झूमच बंद करायचा उपायही नेटवर होता पण संचालकांचे चष्मे बघून तो नको म्हटलं.

मग त्यांनी स्वतःची ठेव भरली. जिल्हा निवडला, तालुके आले, रक्कम टाकून बोट बाजूला नेल्यावर स्वल्पविराम पडले, बटण दाबलं, पावती आली. संचालकांनी टाळ्या वाजवल्या हो, खरंच.

पावती चष्मा वर करून निरखून बघितली आणि म्हणाले, "बाकी सगळं मराठीत आहे, मग आकडे तेवढे इंग्रजीत का?"

पंत, ते एमआर-आयएन चं जरा परत सांगा. फक्त पावतीपुरतं.